दुहेरी मिळकतीचा माणूस

सरकारी दप्तरात श्रम करणाऱ्या माणसांच्या दोन रांगा फार पूर्वीपासून लावलेल्या आहेत. एका रांगेत पगारदार उभा असतो. त्याचा मालक ठरलेला असतो, हजेरीपट ठरलेला असतो, आणि महिनाअखेरीस हाती पडणाऱ्या रकमेतून कोणती वजावट व्हायची हेही ठरलेले असते. दुसऱ्या रांगेत स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारा उभा असतो. त्याला वरिष्ठ नसतो, त्याचप्रमाणे आजारपणात किंवा मंदीत त्याच्याकडे पाहणारेही कोणी नसते. परंतु जगाच्या व्यवहारात या दोन रांगांच्या मधोमध उभा असलेला एक तिसरा माणूस सर्वत्र आढळतो. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा आणि पावसाळ्यात एखाद्या गोदामात रोजावर जाणारा. घरी शिलाईयंत्र चालवणारा आणि सकाळी तीन तास दुसऱ्याच्या कारखान्यात कापड बेतणारा. घरगुती खानावळ चालवून दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई. ही माणसे दोन्ही रांगांतली आहेत, म्हणूनच कोणत्याही एका रांगेत ती नीट बसत नाहीत. सुबत्तेच्या काळात या गोष्टीची कोणी दखल घेत नाही. संकट आले आणि सरकारने मदतीचा हात पुढे केला, की तो हात कोणत्या रांगेकडे वळतो यावर या माणसाचे नशीब अवलंबून राहते. मग नोकरीच्या थोड्याशा मजुरीने त्याला मिळणारी मदत कधी वाढते, कधी घटते, तर कधी पार नाहीशी होते.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२० साली घडले. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेत बेकारी विम्याचा पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये केला, आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही व्यवस्था देशभर पसरली. तिची उभारणी मालकाकडून मिळणाऱ्या करावर झालेली आहे. मालक आपल्या नोकरांच्या पगाराच्या प्रमाणात कर भरतो आणि त्यातून साठलेल्या निधीतून नोकरी गेलेल्यांना काही आठवडे भत्ता मिळतो. जेथे मालकच नाही तेथे कर कोणी भरायचा, हा पहिला प्रश्न. आणि स्वतःच्या दुकानात बसलेला मनुष्य बेकार झाला की नुसता गिऱ्हाइकाची वाट पाहत आहे हे कोणी ठरवायचे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न अवघड असल्यामुळे स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना या व्यवस्थेतून वगळण्यात आले. इंग्लंडमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात साऱ्या लोकसंख्येचे सहा वर्ग पाडले, तेव्हा त्यांनीही नोकरदारांचा पहिला वर्ग आणि स्वतंत्र कमाई करणाऱ्यांचा दुसरा वर्ग अशी वाटणी करून बेकारीचा भत्ता पहिल्या वर्गापुरता राखला. त्या काळी हे विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. गिरणीतला कामगार गिरणीत आणि चांभार आपल्या दुकानात, ही समाजाची घडी तेव्हा बरीचशी खरी होती.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे नाट्यगृहे, उपाहारगृहे आणि विवाह-मंडपे एकाएकी बंद झाली, तेव्हा ज्यांना बेकारी विमा नव्हता अशा लोकांची संख्या प्रचंड असल्याचे दिसून आले. २७ मार्च २०२० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने या लोकांसाठी एक खास योजना काढली. ‘महामारी बेकारी साहाय्य’ असे तिचे नाव. स्वतंत्र धंदेवाल्याच्या मागील वर्षाच्या निव्वळ उत्पन्नावरून त्याचा भत्ता ठरवावयाचा होता. हे औदार्य मोठे होते यात शंका नाही. मात्र त्या योजनेत एक अट होती, आणि ती वरवर पाहता अत्यंत वाजवी होती: ज्याला नेहमीचा बेकारी विमा मिळू शकतो, त्याला ही नवी मदत मिळणार नाही.

या एका वाक्याचा परिणाम काय झाला तो न्यूयॉर्कमधील एका कल्पित वादकाच्या हिशेबावरून पाहता येईल. समजा, हा गृहस्थ व्हायोलिन वाजवून, समारंभांतून आणि खाजगी शिकवण्यांतून वर्षाला खर्चवेच वजा जाता ४०,००० डॉलर मिळवतो. नाताळच्या हंगामात आणि त्याच्या मागेपुढे तो वाद्ये विकणाऱ्या एका दुकानात नोकर म्हणून काही तास काम करतो, आणि तेथे त्याला एका तिमाहीत २,६०० व साऱ्या वर्षात सुमारे ४,००० डॉलर मजुरी मिळते. हे दुकानातले काम म्हणजे त्याच्या मिळकतीचा अकरावा हिस्सा. पण २,६०० डॉलरची तिमाही ही न्यूयॉर्क राज्यात २०२० साली बेकारी विम्याचा उंबरठा होती. तो ओलांडल्यामुळे हा वादक कायद्याच्या दृष्टीने विमेदार पगारदार ठरला. त्याचा भत्ता केवळ दुकानाच्या मजुरीवरून काढला गेला आणि तो आला आठवड्याला १०४ डॉलर, म्हणजे त्या राज्यातला अगदी तळाचा दर. व्हायोलिनचे ४०,००० डॉलर हिशेबात कोठेच आले नाहीत. त्याने दुकानात एक दिवसही काम केले नसते, तर त्याच व्हायोलिनच्या उत्पन्नावरून त्याला आठवड्याला ३८० डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली असती. नव्या योजनेत न्यूयॉर्कमधील किमान भत्तासुद्धा १८२ डॉलर होता. म्हणजे ज्याच्या धंद्याचे उत्पन्न नगण्य होते, पण ज्याने नोकरी अजिबात केली नव्हती, त्याच्याही मागे हा कष्टाळू वादक पडला.

‘मला जुना विमा नको, नवी मदत द्या,’ असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. प्रश्न त्याने काय मागितले याचा नव्हता, तो कशास पात्र आहे याचा होता. दुकानदाराने त्याच्या मजुरीची नोंद दर तिमाहीला सरकारकडे केलेली असल्याने ती विसरून जाण्याचीही मुभा नव्हती.

आरंभीचे चार महिने या अन्यायावर एक पांघरूण पडलेले होते. जुलै २०२० च्या अखेरपर्यंत प्रत्येक भत्तेदाराला, मग तो जुन्या विम्यातला असो वा नव्या योजनेतला, आठवड्याला सरसकट ६०० डॉलर अधिक मिळत होते. ७०४ आणि ९८४ यांत अंतर असले तरी ७०४ डॉलरांत घर चालते. ऑगस्ट उजाडला, ते ६०० थांबले, आणि मग १०४ हा आकडा उघडा पडला. न्यूयॉर्कसारख्या शहरात आठवड्याला १०४ डॉलर म्हणजे काय, हे तेथील घरभाडे ज्याला माहीत आहे त्याला सांगावयास नको.

याच राज्यात आणखी एक नियम होता. हिशेबनिसाच्या सोयीसाठी केलेला नियम माणसाला कसा कोंडीत पकडतो याचा तो नमुना आहे. जानेवारी २०२१ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये भत्ता घेणाऱ्याने आठवड्यात जितके दिवस काम केले असेल, तितक्या चौथाया त्याच्या भत्त्यातून कापल्या जात. येथे माप दिवसाचे होते. तासांचा किंवा डॉलरांचा विचार नव्हता. एक तास काम केले तरी तो एक पूर्ण दिवस धरला जाई. वर सांगितलेल्या वादकाला दुकानदाराने बोलावून सांगितले असते की, ‘चार दिवस संध्याकाळी एकेक तास या,’ तर त्याला ताशी १५ डॉलर या शहराच्या किमान दराने ६० डॉलर मिळाले असते आणि भत्ता पूर्ण बुडाला असता. भत्त्याचा एक डॉलरही उरला नाही, की वरचे ६०० डॉलरही त्या आठवड्यापुरते जात. म्हणजे ६० मिळवण्यासाठी ७०४ गमवावयाचे. हेच चार तास त्याने एकाच दिवशी भरले असते, तर केवळ २६ डॉलरची कपात झाली असती. धंद्याचे कामही यातून सुटत नव्हते. एखाद्या समारंभात तासभर वाजवले तर तोही कामाचा दिवस, त्याचे पैसे पुढे केव्हा का मिळेनात. पुरता दिवस रोजावर जाणाऱ्या मजुराला हे माप ठीक होते. वादक, शिक्षक, हिशेब लिहिणारे, भाषांतरकार यांचे काम तासातासाने तुटक येते. त्यांना त्या मापाने असे शिकवले की थोडेसे काम करण्यापेक्षा अजिबात न करणे शहाणपणाचे. १८ जानेवारी २०२१ पासून राज्याने दिवस सोडून तासांचे माप स्वीकारले, आणि आठवड्याला ३० तासांपर्यंतचे व ५०४ डॉलरपर्यंतच्या मिळकतीचे काम केले तरी काही भत्ता शाबूत राहू लागला.

मोठ्या अन्यायाची दखल मात्र राष्ट्रीय विधिमंडळालाच घ्यावी लागली. चित्रपट, नाट्य आणि संगीत या व्यवसायांत एका कंपनीकडे पगारावर, दुसरीकडे कंत्राटावर असे काम करणे हा नित्याचा प्रघात असल्याने तक्रारीचा आवाज तेथूनच सर्वांत मोठा उठला. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्यात ‘मिश्र मिळकत’ हा शब्दप्रयोग प्रथमच भत्त्याच्या संदर्भात अवतरला. मागील करवर्षात स्वतंत्र धंद्यातून किमान ५,००० डॉलर मिळवलेल्या आणि नेहमीचा बेकारी भत्ता घेणाऱ्या माणसाला आठवड्याला १०० डॉलर अधिक द्यावेत, असे ठरले. योजनेत सामील व्हावे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोपवले होते. धंद्याचे उत्पन्न ५,००० असो की ५०,०००, वाढ तेवढीच. वादकाचा भत्ता १०४ वरून २०४ वर गेला. ३८० अजून दूरच राहिले. दोन्ही मिळकती एकत्र धरून एकच भत्ता काढणे ही सरळ वाट होती. पण नेहमीच्या विम्याचा निधी मालकांच्या करातून येतो आणि नवी मदत केंद्रीय तिजोरीतून येत होती; एकाच भत्त्यात दोन्हींची सरमिसळ करणे राज्यांच्या जुनाट संगणकव्यवस्थांना झेपणारे नव्हते. नुसते १०० डॉलर जोडण्यासही काही राज्यांना कित्येक महिने लागले. सप्टेंबर २०२१ च्या आरंभी या साऱ्या योजना एकदमच संपल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘मिश्र मिळकत’ हा शब्दही कायद्यातून निघून गेला.

याच सुमारास इंग्लंडने वेगळा मार्ग धरला होता. स्वतंत्र धंदेवाल्यांसाठी २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या योजनेत मागील वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ८० टक्के इतके अनुदान, महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, मिळणार होते. येथे छोट्या नोकरीमुळे कोणी बाद होत नव्हता. लहानशी मजुरी असणाऱ्याला पूर्ण अनुदान मिळाले. इंग्रजांनी रेघ मधोमध ओढली: धंद्याचा नफा हा इतर सर्व उत्पन्नाच्या निदान बरोबरीचा असला पाहिजे. समजा, एका नळकाम करणाऱ्याचा वार्षिक नफा १४,५०० पौंड आणि अर्धवेळ नोकरीचा पगार १४,००० पौंड आहे. त्याला तीन महिन्यांसाठी २,९०० पौंड मिळाले. त्याच्या शेजाऱ्याचे हेच आकडे उलटे होते, नफा १४,००० आणि पगार १४,५००. त्याला या योजनेतून काही मिळाले नाही. मालकाने मनावर घेऊन त्याचा पगार दुसऱ्या योजनेत चालू ठेवला तर अर्धे घर सावरले, नाहीतर तेही नाही. दोघेही तेच काम, तेवढेच कष्ट करत होते. रेघ कोठेतरी ओढावी लागते हे खरे. परंतु रेघेच्या एका बाजूला सर्व आणि दुसऱ्या बाजूला शून्य अशी योजना केली, की पाचशे पौंडांच्या फरकाला एवढे वजन येते.

नित्याच्या काळासाठी इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाचा जो भत्ता आहे, त्यात या प्रश्नाला तिसरेच वळण मिळालेले दिसते. हा भत्ता थोड्या उत्पन्नाच्या कुटुंबाला दरमहा मिळतो आणि कमाई वाढेल तसा कमी होत जातो. १ पौंड मिळवला की ५५ पेन्स भत्ता घटतो. धंदा करणारा मनुष्य नफा कमी दाखवून भत्ता लाटील अशी धास्ती कायदा करणाऱ्यांना होती. म्हणून धंद्याच्या पहिल्या वर्षानंतर एक गृहीत उत्पन्न धरले जाते, बहुधा पूर्णवेळ किमान वेतनाइतके. प्रत्यक्षात कमाई त्याहून कमी झाली तरी हिशेब गृहीत उत्पन्नावरच होतो. घरी केक करून विकणाऱ्या एखाद्या बाईची ही गृहीत रक्कम समजा १,४०० पौंड आहे आणि प्रत्यक्ष नफा ५०० पौंड झाला. भत्ता मात्र ती १,४०० मिळवते असे समजून कापला जाईल. न मिळालेल्या ९०० पौंडांवरची ही कपात तिला जाचक वाटते, आणि ती जाचक आहेच.

आता तिने शाळेच्या स्वयंपाकघरात ६०० पौंडांची अर्धवेळ नोकरी धरली. दोन्ही मिळून १,१०० झाले. ते अजून १,४०० च्या आत आहेत, म्हणून सरकार पूर्वीप्रमाणे १,४०० धरते. भत्ता एका पेन्सनेही घटत नाही. ६०० च्या ६०० पौंड तिच्या पदरात पडतात. ज्या बाईचा धंदा नाही, तिने तीच नोकरी धरली असती तर सामान्यतः ३३० पौंड भत्त्यातून गेले असते. जाचक नियमाच्या पोटात असा एक अनपेक्षित लाभ दडलेला आहे. तो कोणी हेतुपुरस्सर ठेवला असेल असे मात्र दिसत नाही. शिवाय नोकरी वाढत जाऊन धंदा हा तिचा मुख्य उद्योग राहिला नाही असे अधिकाऱ्याने ठरवले, तर गृहीत उत्पन्नच रद्द होते आणि खरी कमाई मोजली जाते. तेव्हा ‘मुख्य उद्योग कोणता?’ हा साधा प्रश्न दरमहा काही शे पौंडांचा ठरतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्या बाईला बहुधा त्याची कल्पना नसते.

भारतात हा प्रश्न याहून मोठा आहे, कारण येथे स्वतंत्र धंदा हा अपवाद नसून नियम आहे. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. त्यांत शेतकरी आले, फेरीवाले आले आणि घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही आल्या. तरीही सामाजिक विम्याची आपल्याकडील पहिली इमारत पगारदारासाठीच उभारली गेली. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या आरोग्यविमा अहवालावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजनेला आरंभ झाला. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली आहे.

इंदूर किंवा बडोदे अशा एखाद्या शहरातल्या एकोणतीस वर्षांच्या शिंप्याचे उदाहरण घेऊ. घरच्या यंत्रावर तो महिन्याला ८,००० रुपये मिळवतो. एका कारखान्यात त्याला सकाळी तीन तास बेतण्याचे काम मिळाले; मजुरी ६,००० रुपये. कारखाना राज्य विम्याखाली असेल, तर अर्धवेळ असला तरी हा शिंपी विमेदार होतो. त्याच्या मजुरीतून पाऊण टक्का, म्हणजे ४५ रुपये कापले जातात, आणि मालक सव्वातीन टक्के, म्हणजे १९५ रुपये भरतो. न्यूयॉर्कच्या वादकाला छोट्या नोकरीने घराबाहेर काढले. या शिंप्याला तिने घरात घेतले. कारण त्याच्यासह बायकामुलांच्या औषधपाण्याचा व रुग्णालयाचा लाभ त्याला मिळतो, आणि हा लाभ मजुरीच्या प्रमाणात तोलला जात नाही. ६,००० वाल्याची शस्त्रक्रिया २०,००० वाल्याच्या शस्त्रक्रियेहून लहान होत नाही.

रोख रकमेची गोष्ट वेगळी. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. शिंप्याची रोजी २०० रुपये धरली तर १४० रुपये झाले. अंथरुणाला खिळल्यावर कारखान्यातले बेतणे थांबते आणि घरचे यंत्रही थांबते. परंतु भरपाई बेतण्याची होते, यंत्राची होत नाही. मिळकतीचा मोठा वाटा येथेही हिशेबाबाहेरच राहतो. कारखान्याला काम तुटक असेल आणि हजेरीचे दिवस ७८ च्या खाली गेले, तर ते १४० रुपयेही नाहीत.

एक दार उघडताना दुसरे लागते ते असे. असंघटित श्रमिकांसाठी २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही निवृत्तिवेतनाची योजना आली. महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या, १८ ते ४० वर्षांच्या माणसाने दरमहा वर्गणी भरावी, तितकीच सरकारने घालावी, आणि साठीनंतर त्याला दरमहा ३,००० रुपये मिळावेत. एकोणतिसाव्या वर्षी येणाऱ्याची वर्गणी १०० रुपये आहे. शिंप्याची दोन्ही मिळून मिळकत १४,००० रुपये, म्हणजे मर्यादेच्या आत. पण जो राज्य विम्यात किंवा भविष्यनिर्वाह निधीत आहे त्याला या योजनेत प्रवेश नाही. यंत्र हेच त्याचे मुख्य साधन असले तरी सकाळच्या तीन तासांनी तो संघटित ठरला. त्या कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी लागू असेल तर म्हातारपणाची काही तजवीज तेथे होईल. तथापि त्यातले निवृत्तिवेतन मिळण्यास दहा वर्षांची सेवा लागते, आणि अर्धवेळच्या नोकऱ्या दहा वर्षे टिकत नाहीत. औषधपाणी आज की निवृत्तिवेतन उद्या, अशी निवड या माणसाला करावी लागते. बऱ्याच वेळा निवड झाल्याचेही त्याला ठाऊक नसते. अर्ज नामंजूर होऊन परत येतो तेव्हा ते कळते.

दोन रांगांच्या पलीकडे जाण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीच झाला होता. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणारा माथाडी कामगार दिवसात चार व्यापाऱ्यांची पोती उचलत असे. त्याचा मालक कोण? प्रत्येक व्यापारी म्हणे, ‘माझा नव्हे.’ अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये राज्याने माथाडी कायदा केला. त्याने मालक शोधण्याचा नाद सोडला. कामगाराची नोंद मंडळाकडे. ओझे उचलवून घेणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक आकारणी मंडळाकडे भरावयाची. आणि भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे, औषधपाणी हे मंडळाकडून कामगाराच्या नावावर. एका व्यापाऱ्याकडे तासभर काम आणि दुसऱ्याकडे दोन तास, यांची बेरीज तेथे आपोआप होते. न्यूयॉर्कच्या वादकाला जी बेरीज कोणी करून दिली नाही, ती धक्क्यावरच्या हमालाला अर्धशतकापूर्वी मिळाली होती, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

नव्या संहितेतील एका तरतुदीचे या कल्पनेशी नाते दिसते. दूरध्वनीवरील मागणीनुसार घरोघर जेवण पोचवणाऱ्या किंवा प्रवासी नेणाऱ्या श्रमिकांसाठी त्यांच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत घालावयाची आहे. ती श्रमिकांना द्यावयाच्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी अशी मर्यादा आहे. मालक-नोकर हे नाते सिद्ध करण्याची गरज तेथे ठेवलेली नाही.

परंतु माथाडी मंडळ काय किंवा हा नवा निधी काय, दोन्हींना कोणीतरी पैसे मोजणारा, नोंद ठेवणारा आणि कायद्याला सापडणारा दुसरा पक्ष लागतो. संध्याकाळी मोटारसायकलवरून जेवण पोचवणारा तरुण सकाळी बाजारात स्वतःची भाजीची गाडी लावत असेल, तर संध्याकाळच्या फेऱ्यांवर कंपनीची वर्गणी बसते. सकाळच्या गाडीवर पाव किलो वांगी घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून वर्गणी कोण वसूल करणार? ती एकतर त्या तरुणाने भरावी, नाहीतर सरकारने. श्रमयोगी मानधन योजनेने दोघांनी निम्मी निम्मी भरण्याचा मार्ग दाखवला आहे. मात्र तीन तासांची नोकरी लागताच तो मार्ग आज ज्या अटीने बंद होतो, ती अट तशीच आहे.